पट कुठून उघडतो

११ फेब्रुवारी

जेवणाचं टेबल आजपासून कामाला दिलं. एकटीला जेवायला ओट्याचा कोपरा पुरतो. पुठ्ठ्याला मात्र ऐसपैस जागा लागते.

आजवर मी खोकी केली. चष्म्यांची, घड्याळांची, एकदा अत्तराच्या बाटल्यांची. आज सकाळी फासेकाका आले. त्यांचं खेळांचं दुकान आहे आणि खिशात कायम दोन फासे असतात. बोलताना ते खुळखुळवत राहतात, म्हणून सगळे त्यांना फासेकाकाच म्हणतात. म्हणाले, "लोकांना खेळ प्रवासात न्यायचाय, पण पट म्हणजे केवढं ते धूड. मला असा पट करून दे की उघडला तर टेबलभर, मिटला तर कोटाच्या खिशात."

"होईल," मी म्हणाले.

"होईल म्हणणारे दोघं आधी होऊन गेले. एकाचा पट उघडला की तंबूसारखा उभा राहायचा. दुसऱ्याचा मिटायचाच नाही."

ते गेल्यावर वाटलं, लगेच कोणाला तरी सांगावं. नवरा जहाजावर आहे, इंजिनाच्या खोलीत काम करतो. जानेवारीत गेलाय, येईल तो पार सप्टेंबरात. फोन लावला, लागला नाही. मग ही वही काढली.

१५ फेब्रुवारी

कागद कसाही दुमडतो. पुठ्ठ्याचं तसं नाही. पुठ्ठ्याचे तुकडे करून ते कापडी पट्टीने जोडायचे, दाराला बिजागरी लावतात तसे. ऐकायला सोपं. पण पहिली घडी घातली की जाडी दुप्पट होते, आणि पुढच्या घडीला ती सगळी जाडी पोटात घ्यावी लागते. तिथे फट कमी ठेवली तर कापड ताणून फाटतं. जास्त ठेवली तर पटाच्या मधोमध नाला.

आज नालाच झाला.

खेळ कुठला घ्यायचा हे काकांनी माझ्यावर सोडलंय. मी आमचाच घेतला. लग्न झालं त्या वर्षी ह्याला जहाज मिळत नव्हतं आणि आम्ही संध्याकाळी हाच खेळत बसायचो. एकाच्या काळ्या सोंगट्या, एकाच्या पांढऱ्या. आळीपाळीने एकेक ठेवत जायची. ज्याची रांग आधी ह्या काठापासून त्या काठाला पोचली तो जिंकला. हा उधळलेल्या बैलासारखा सरळ सुटायचा. मी दोन घरं पुढे जाऊन वाट अडवायचे. हरला की हसायचा. तेव्हा आमचं भांडण झाल्याचं मला आठवतच नाही.

८ मार्च

पहिला पट जमला. अगदी खिशात नाही जात, पण पिशवीत जातो. एक मी ठेवला आणि एक ह्याच्या कंपनीच्या ऑफिसात देऊन आले. जहाजाला सामान जातं त्यातून पोचवतील. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "खाऊ आहे का?" मी म्हटलं, "खेळ आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला.

कल्पना अशी की दोघांकडे सारखा पट. चाल फोनवर लिहून कळवायची, उभ्या रांगेचं अक्षर आणि आडवीचा आकडा. जहाजावर हलत्या जागी पट कसा टिकतो तेही कळेल, आणि आमचा डावही चालू राहील.

२० मार्च

मिळाला. ह्याचा फोन आला.

"उघडलास?"

"हो. छान आहे."

"घडी कशी वाटली?"

"घडी... छान आहे ना."

"मग खेळायचं? रोज एक चाल?"

"बघू. इथे ड्यूटी संपली की डोळे मिटतात गं. वेळ मिळाला तर."

मग नळाची गळती, विजेचं बिल, माझी पाठ. आणि मग नुसतं इंजिनाचं घुमणं.  हा म्हणाला, "चल, ठेवतो."

२९ मार्च

चाल आली! "ग-४". बाकी काही नाही, नुसतं "ग-४". मी भाजी फोडणीला टाकली होती ती तशीच ठेवून पटावर काळी सोंगटी मांडली. फोडणी करपली. करपू दे.

६ एप्रिल

रोज चाल येते. आणि केवढा बदललाय हा. पूर्वी सरळ धावणारा माणूस, आता लांब कोपऱ्यात एक सोंगटी ठेवतो, आणि पाच-सहा चालींनंतर कळतं की ती तिथे का होती. मला दोनदा कोंडीत पकडलं. पकडताना एक चाल उगाच मागे घेतल्यासारखी खेळला. मला सावरायला वेळ दिला असावा. समुद्रावर राहून माणूस शांत होत असेल.

मी चालीखाली घरचंही चार ओळी लिहिते. त्याला उत्तर येत नाही, चाल येते. पुरुषांना लिहिता येत नाही, त्याला काय करणार.

१२ एप्रिल

आज चालीबरोबर हे आलं. इथे उतरवून ठेवते:

"पट छान आहे. एक सांगू का? घडी घराच्या मधोमध पडते, तिथे सोंगटी डगमगते. जहाज हललं की पडते. घडी दोन घरांमधल्या रेषेवर आणता आली तर बघा."

खरंच की. मी घरं आधी आखली आणि घड्या नंतर पाडल्या. उलट करायला हवं होतं. आधी घड्या पाडायच्या, मग त्या धरून घरं आखायची. खोक्यांच्या सवयीने मती गुंग झाली होती.

आणि "बघा"! बायकोला अहो-जाहो. मी उत्तर लिहिलं, "बरं, साहेब." त्यावर नुसती चाल.

२६ एप्रिल

नणंद येऊन गेली. येताना मुलांच्या शाळेची, सासरच्या कटकटींची गाठोडी घेऊन येते आणि इथे सोडून हलकी होऊन जाते. मला ते आवडतं. घरात आवाज होतो.

टेबलावरचा डाव बघून म्हणाली, "कोणाशी खेळतेयस?"

"तुझ्या दादाशी."

"दादाशी?" ती हसायलाच लागली. "वहिनी, लहानपणी आम्ही पत्ते मांडले की दादा मागच्या दाराने पसार व्हायचा. बैठा खेळ म्हटलं की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या."

"माणूस बदलतो," मी म्हटलं.

"बदलतो म्हणा," ती म्हणाली आणि पटाकडे बराच वेळ बघत राहिली. मग चहा पिऊन गेली.

१९ मे

दुसरा पट पोचला. आता मधली बिजागरी वरून आणि कडेच्या दोन खालून, म्हणजे घडी नागमोडी पडते आणि नाला होत नाही. उत्तर आलं: "सोंगट्या आता उभ्या राहतात. पण वाफ लागून पुठ्ठा फुगतो. वर रोगण लावता येईल का? आणि हात ओले असले की कुठून उघडायचा ते चाचपडावं लागतं. एका कडेला कापडाचं छोटं टोक बाहेर ठेवलं तर नुसतं ओढलं की उघडेल."

बरोबर फोटो. पट एका स्टीलच्या लांब टेबलावर मांडलाय. जहाजावर सगळं स्टीलचंच असणार. इंजिनाची वाफही असेल. ओल्या हातांचं मात्र कळलं नाही. घामाचे असतील.

फासेकाकांना ते टोक सुचवलं तर फासे खुळखुळवायचे थांबले. "कोणाच्या डोक्यातून आलं हे?"

"नवऱ्याच्या."

"इंजिनवाला ना तो? अशा माणसाला तेलात बुडवून ठेवलंय."

मला इतका अभिमान वाटला की परत येताना दोन थांबे आधीच उतरून चालत आले.

७ जून

आज चाल नाही.

८ जून

आजही नाही. हवा खराब असेल.

९ जून

आली. "तपासणीचे लोक दोन दिवस जेवायला होते, सवड झाली नाही." कोणाच्या जेवणाशी ह्याचा काय संबंध, पण असो. आली ना.

२२ जून

फोनवर बोललो. मी म्हटलं, "कालची तुझी चाल म्हणजे कमाल होती."

"हो ना? भारी होती."

"मला वाटलं तू मधून येशील, आणि तू डावीकडून."

"हं. डावीकडून." मग, "आवाज तुटतोय का गं? हॅलो?"

मला तर नीट ऐकू येत होतं.

फोनवर हा वेगळा आणि चालींमध्ये वेगळा. फोनवर आम्ही दोन थकलेली माणसं. चालींमध्ये हा माझा विचार करतो, मी दोन दिवसांनी काय करणार ते ह्याला ठाऊक असतं. मला चालींमधला जास्त आवडतो, हे लिहून टाकते. वाचतंय कोण.

४ जुलै

काल दिवसभर कोणाशी बोलले नाही. ठरवून नाही. दूधवाला पिशवी ठेवून गेला, पार्सलवाल्याने बेल वाजवली आणि खोकं ठेवून तोही गेला. संध्याकाळी आवाज येतो का ते बघायला सरसाच्या डब्यावरची सूचना मोठ्याने वाचली. "लहान मुलांपासून दूर ठेवावे." आवाज घोगरा आला. ह्या घरात डब्याला तसंही काही भय नव्हतं.

मग चाल आली आणि बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

तिसरा पट झाला. रोगण लावलेला, कडेला निळ्या कापडाचं टोक. टोक ओढलं की आधी अरुंद पान उघडतं, त्यामागून बाकीची पानं आपोआप पसरतात. उलट बाजूने ओढायचा मात्र नाही, कापडाला पीळ बसतो. एक जहाजावर पाठवला, एक काकांना नेऊन दिला.

काकांनी तो दहादा उघडला, दहादा मिटला, कोटाच्या खिशात घातला आणि दुकानात एक चक्कर मारून आले. म्हणाले, "दिवाळं निघालं तरी चालेल, हा मी काढणार." मग म्हणाले, "नवऱ्याचे आभार मान हो. अर्धा पट त्याचा आहे."

"तो सप्टेंबरात येतोय. तुम्हीच माना."

२ सप्टेंबर

जहाजावरून शेवटची चाल. "आता थोडे दिवस थांबावं लागेल. डाव रंगला होता. काळजी घ्या."

आता तर घ्या. समोर आल्यावर बघते ह्याच्याकडे.

पडदे धुतले. टेबल रिकामं केलं, नुसता पट ठेवला, अर्धा डाव मांडलेला. माझी चाल आहे. ती मी समोरासमोर खेळणार.

१० सप्टेंबर

हा आला. वाळलाय. कानाशी पांढरे केस आलेत. जेवला आणि झोपला, उठला आणि जेवला. घर लहान वाटायला लागलं, चांगल्या अर्थाने.

१२ सप्टेंबर

लिहिते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

दुपारी फासेकाका आले, मिठी मारून आभार मानून गेले. हा नुसता "हो, हो" करत होता. ते गेल्यावर मी आत चहा टाकत होते. काकांनी नवा छापलेला पट टेबलावर ठेवला होता, मिटलेला. हा तो हातात घेऊन फिरवत होता. म्हणाला, "हा उघडतो कुठून?"

मी ओट्याशी उभी. वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात ह्याने उलट बाजूने ओढला आणि कापड फाटल्याचा आवाज आला.

निळं टोक ह्याच्या अंगठ्याखालीच होतं.

मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. म्हटलं, "कोण खेळत होतं?"

ह्याने फाटलेली कड बोटाने दाबून जोडून पाहिली. मग म्हणाला, "आमचा कुक."

१३ सप्टेंबर

 आज सकाळी विचारलं, तेव्हा ह्याने सगळं सांगितलं. पट आला तेव्हा ह्याने तो जेवणाच्या खोलीत ठेवला. कुकने उघडून पाहिला, विचारलं, "कोणी केला?" ह्याने सांगितलं. मग त्यानेच विचारलं, "वहिनींना चाल कोण कळवणार?" हा म्हणाला, तूच कळव.

"मी चालीखाली जे लिहायचे ते?"

"ते मी वाचायचो. त्याला दाखवलं नाही कधी. तुझी चाल त्याला सांगायचो, मग जेवताना फोन त्याच्याकडे द्यायचो. तो वरचं न बघता लिहायचा."

"वाचायचास, तर उत्तर का नाही दिलंस?"

"काय देऊ? तू छान लिहायचीस. मला वाटायचं, ह्याच्याखाली आपण 'बरं' लिहिलं तर वाईट दिसेल."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तू खुशीत होतीस. फोनवर पहिल्यांदा खुशीत ऐकू आलीस. तो म्हणायचा, वहिनींना सांगून टाक. मी म्हणायचो, सांगतो."

मी म्हटलं, "लग्न झालं तेव्हा तर खेळायचास."

हा म्हणाला, "तुझ्यासमोर बसायला मिळायचं म्हणून."

ह्यावर मला रडू यायला हवं होतं की राग, ते ठरेना. मी आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या. घातलेल्या परत मोडून घातल्या.

१५ सप्टेंबर

नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं वहिनी. पण तुझ्या तोंडावर एवढं ऊन पडलं होतं, मी कशाला आड येऊ."

म्हणजे सगळ्यांनी मिळून मला उन्हात ठेवलं होतं. दिसत मलाही होतंच. "बघा" दिसत होतं, वाफ दिसत होती, जेवायला आलेले लोक दिसत होते. मी त्यांच्यावरून नजर काढून घेत होते.

२४ सप्टेंबर

आम्ही एकमेकांशी फार नीट वागतोय. पाहुण्यासारखं. हा विचारतो, "चहा टाकू?" मी म्हणते, "टाक." कपबशीचासुद्धा आवाज करत नाही आम्ही.

आज भाजी आणायला बरोबर गेलो. वाटेत मी विचारलं, "कसा आहे तो?"

"कोण?" मग कळलं ह्याला. "असेल साठीला टेकलेला. बोलत नाही फारसा. घरचं विचारलं की भांडी घासायला लागतो. आणि आमच्याकडे भांडी घासायला वेगळा माणूस आहे."

मला हसू आलं. ह्यालाही आलं. घर आलं तसं ते मावळलं.

ह्या वर्षात माझं सगळ्यात लक्ष देऊन कोणी ऐकलं असेल तर ते त्या माणसाने. त्याला माझा चेहरा माहीत नाही. मला त्याच्याबद्दल एवढंच माहीत आहे की तो घाई करत नाही. हा विचार नवऱ्याशेजारी बसून पिशवीतल्या शेंगा सोलताना मनात आला आणि मी तो परतवला नाही.

९ ऑक्टोबर

ह्याने आज विचारलं, "अजून रागावलीयस?"

मी खरं ते सांगितलं. "राग नाही. मला वाटत होतं, आपण रोज भेटतोय. ते भेटणं गेलं, त्याचं मला सुतक आहे."

हा खिडकीशी उभा होता. म्हणाला, "मला जमत नाही गं तसं. ड्यूटी संपते तेव्हा कानात नुसता दणदणाट असतो. कोणी प्रश्न विचारला तरी अंगावर आल्यासारखा वाटतो. फोनवर तू काही विचारतेस आणि मी उत्तर शोधत बसतो."

"मग फोन कशाला करतोस?"

"तू फोन टेबलावर ठेवून कधीकधी उठून जातेस ना, दूध उतू जातंय म्हणून. तेव्हा मागे घर ऐकू येतं. तू पट्टी आपटतेस, पुठ्ठा कापतेस, स्वतःशी काहीतरी पुटपुटतेस. तेवढ्यासाठी करतो."

बारा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी परत आल्यावर हा नेहमी "आलीस?" असं म्हणायचा, आणि मला वाटायचं, ताटकळून वैतागलाय.

२७ ऑक्टोबर

उद्या जातोय. तेच जहाज. बॅग भरताना म्हणाला, "काकांचा तो नवा पट दे. त्याला नेतो. विचारेल तो."

मी ती फाटलेली कड काढून नवीन कापड लावलं. सरस वाळेपर्यंत वर इस्त्री ठेवली. पटाबरोबर चिठ्ठी दिली: "चाल माझी होती. छ-२. हे मी लिहितेय आणि तुम्ही वाचणार आहात, हे आता दोघांनाही माहीत आहे. टोक तुमच्या सांगण्यावरून लावलं, ते उत्तम झालं. सवड असेल तर खेळू. चाल तुमच्या फोनवरून कळवा, ह्याला मध्ये घेऊ नका."

चिठ्ठी ह्याला वाचून दाखवली. हा म्हणाला, "ठीक आहे." मग बॅगेची चेन ओढताना, "बरं झालं."

६ नोव्हेंबर

कुकचं उत्तर अजून नाही. येईल किंवा येणारही नाही. एखाद्याला लपून खेळणंच सोपं जात असेल. वाट बघते, हे नाकारत नाही.

संध्याकाळी ह्याचा फोन आला. पोचलो, जेवलो, आत्ताच ड्यूटी संपली. मी "कसं आहे" विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "मी काम करतेय. फोन इथेच ठेवते, चालेल?"

"चालेल."

काकांनी लहान मुलांसाठी पट मागितलाय, त्याचा पुठ्ठा टेबलावर होता. फोन पट्टीशेजारी उताणा ठेवला. कापायला घेतलं. पलीकडे इंजिनाची घरघर, मध्येच कोणाचं तरी दार. मी दोन पानं कापली, रेघा मारल्या, तिसरं वाकडं गेलं म्हणून स्वतःवर चिडले. किती वेळ गेला कोण जाणे. पलीकडचं काहीच वेगळं कळेना, तेव्हा सुरी खाली ठेवली.

"आहेस का?"

 घरघरीतून झोपेत बुडत चाललेला आवाज आला.

"आहे. तू काप."